एकटं राहायला लागल्यापासून प्रत्येक गोष्ट महाग पडतेय, तुम्ही कसं जमवता?

कर्वेनगरची:

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी ३३ वर्षांची, नोकरी पुण्यात, घर साताऱ्याला. सहा वर्षं आम्ही तिघी मैत्रिणी कर्वेनगरला टू बीएचकेत राहत होतो. एकीचं लग्न झालं, दुसरी बंगळूरला गेली, आणि परत अनोळखी मुली शोधा, त्यांच्या वेळा, त्यांचे पाहुणे, फ्रिजमधले कप्पे वाटून घ्या हे सगळं पहिल्यापासून मला नको होतं म्हणून मार्चपासून त्याच भागात वन बीएचके घेतलाय. एकटी राहायला मला आवडतंय हे आधीच सांगते. प्रश्न हिशोबाचा आहे, आणि थोडा हिशोबाच्या पलीकडचाही.

आधी भाडं २७ हजार होतं, तिघींत ९. आता १८. हे दुप्पट होणार ते धरूनच चालले होते, बाकीचं मात्र धरलं नव्हतं. ब्रोकरने एक महिन्याचं भाडं घेतलं ते अख्खं माझ्या खिशातून, डिपॉझिट ५० हजार तेही माझं एकटीचं, करारनाम्याचे एजंटने ५ हजार घेतले, सामानाचा टेम्पो, पडदे, शेगडी, सगळं पूर्वी भागिले तीन व्हायचं. वायफायचं बिल एक माणूस वापरो नाहीतर तीन, तेवढंच. लाइटबिल मला वाटलं होतं तिसऱ्या हिश्श्यावर येईल पण स्थिर आकार काही माणसं मोजून लागत नाही, आणि फ्रिज एकटीसाठीसुद्धा २४ तास चालतोच. मावशी आधी भांडी आणि झाडूफरशीचे ३००० घ्यायच्या, माझ्या वाट्याला हजार यायचे, आता नवीन मावशी १८०० घेतात, आणि त्यांचंही चुकत नाही, भांडी चार असोत की चौदा, तीन जिने तेवढेच चढावे लागतात. स्वयंपाकाला कोणी मिळेना, एका माणसाचं काम घ्यायला कोणी तयार नाही आणि जे तयार आहेत ते दोघांचेच पैसे सांगतात.

भाजीचं तर विचारू नका. मेथीची जुडी आणली की एक दिवस भाजी, दुसऱ्या दिवशी पराठे आणि उरलेली पिवळी पडून जाते. कोबीचा गड्डा ओळीने पाच दिवस खाल्लाय. ब्रेड अर्धा संपतो तोवर बुरशी. या उन्हाळ्यात कलिंगड एकदाही आणलं नाही, मला एवढं आवडतं तरी, कारण अख्खं कोण खाणार आणि कापलेलं उघड्यावरचं आणवत नाही.

पण खरा जाच पैशाचा नाहीये. घरात दुसरं माणूस लागतं अशी कामं किती असतात हे मला कधी कळलंच नव्हतं. गॅस येणार असेल तर मी घरी पाहिजे, वॉशिंग मशीनवाला ‘दहा ते चारमध्ये येतो’ म्हणतो तर मी घरी पाहिजे, आधी तिघींपैकी कोणीतरी असायचंच. एप्रिलपासून अशा कामांसाठी चार हाफ डे गेलेत. पंख्याची पानं पुसायची तर स्टूल धरायला कोणी नाही. लॅच ओढलं गेलं आणि किल्ली आत राहिली तेव्हा रात्री साडेदहाला किल्लीवाला शोधला, त्याने ८०० घेतले. आणि जूनमध्ये ताप आला तेव्हा दोन दिवस पाणीसुद्धा स्वतःच उठून घ्यायचं, दुसऱ्या रात्री १०२ होता आणि मी पलंगावर बसून विचार करत होते की मला चक्कर आली तर हे कळणार कोणाला? आईला फोन केला असता तर ती रात्रीच निघाली असती म्हणून तेही केलं नाही.

तर जे अनेक वर्षं एकटे राहतायत त्यांनी प्लीज सांगा, खर्च कुठे वाचतो, कुठे वाचवायच्या मागे लागू नये, आणि या दुसऱ्या माणसाच्या कामांचं तुम्ही काय करता?

ठाकुर्लीवाला:

ताई सेम टू सेम. मी २९, चार वर्षं एकटा, ऑफिस परळला म्हणजे सकाळी पावणेआठला निघतो ते रात्री नऊला घरी.

आधी गॅसचं सांगतो कारण त्यात मी खूप डोकं लावलं होतं. ५ किलोचं घरगुती सिलिंडर मिळतं, आणि दुसरं एक ५ किलोचं नुसत्या ओळखपत्रावर मिळतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही, पण ते बाजारभावाने असतं म्हणून किलोमागे महाग पडतं. मला आधी वाटलं एकट्याला छोटंच बरं. पण छोटं म्हणजे सारखं बुकिंग आणि सारखं कोणीतरी घरी पाहिजे. मोठं १४.२ किलोचं मला साडेतीन महिने जातं म्हणजे वर्षातून तीन-चारदाच हा घोळ. आणि डिलिव्हरीचा कोड तुमच्या मोबाइलवर येतो ना, तो समोरच्या काकूंना फोनवर सांगून ठेवा, त्या सिलिंडर घेतील, त्यासाठी रजा टाकायची गरज नाही. मी रिकामं सिलिंडर सकाळी त्यांच्याकडे ठेवून जातो.

जेवणाचं म्हणाल तर पोळ्या करणं मी सोडून दिलं. आमच्याकडे स्टेशनजवळ पोळीभाजी केंद्र आहे, पोळ्या मोजून मिळतात, तीन पाहिजेत तर तीन घ्या. पुण्यात तर गल्लोगल्ली आहेत अशी केंद्रं, कर्वेनगरला नक्की असणार. भाजी किंवा आमटी मी घरी करतो. पीठ मळा, लाटा, ओटा पुसा हे तीन पोळ्यांसाठी करण्यात पाऊण तास जातो, त्या पाऊण तासाचे मी पैसे देतो असं समजतो.

पालेभाजीसाठी संध्याकाळी स्टेशनबाहेर बायका निवडलेली मेथी, सोललेले वाल, मोड आलेली मटकी अशी छोटी पाकिटं घेऊन बसतात. किलोच्या हिशोबात दुप्पट महाग आहे मान्य, पण फुकट काही जात नाही. मी तीन महिने लिहून ठेवलं होतं, अख्खी जुडी आणून अर्धी टाकण्यापेक्षा हे स्वस्त पडलं. कोथिंबिरीला मात्र काही इलाज सापडलेला नाही. कागदात गुंडाळून डब्यात ठेवली तर सहा-सात दिवस टिकते, त्यापुढे नाही.

ब्रेड आणला की लगेच दोन-दोन स्लाइस वेगळ्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका, थेट तव्यावर भाजा, अजिबात कळत नाही.

स्पष्टच बोलतो:

राग मानू नका पण १८ हजाराचं घर एकटीने घ्यायचंच कशाला? हॉलमध्ये एक मुलगी ठेवली तरी महिन्याला ७-८ हजार सुटतात, स्टूलही धरेल आणि तापात पाणीही देईल. मी स्वतः ४१व्या वर्षीपण शेअरिंगमध्ये राहतो आणि त्यातून दोन वर्षांत गावच्या घराचं छप्पर नवं केलं. एकटं राहणं ही चैन आहे, चैनीला पैसे पडणारच.

कर्वेनगरची:

राग नाही आला. गावच्या घराचं वाचून खरंच छान वाटलं. पण हॉलमध्ये मुलगी ठेवायची तर करारात माझं एकटीचं नाव आहे, मालकांना न सांगता कोणाला ठेवणं मला पटत नाही. आणि सहा वर्षं मी रोज सकाळी बाथरूमसाठी नंबर लावलाय, परीक्षेचा अभ्यास जिन्यात बसून केलाय कारण आत कोणाचा तरी कॉल चालू असायचा. रात्री अकराला दार उघडल्यावर घर जसं सोडलं होतं तसंच दिसतं, यासाठी मी पैसे द्यायला तयार आहे. फक्त ते कुठे कुठे जातायत ते समजून द्यायचे आहेत. चैन म्हणा हवं तर, पण तेहतिसाव्या वर्षी स्वतःच्या कमाईतून एक दार आपलं असावं हे मला चैनीसारखं वाटत नाही.

सांगलीचे काका:

ताई, तुमचं तापाचं वाचलं आणि लिहायला बसलो. माझं वय ६८. मी चार वर्षं झाली एकटा राहतो. मुलगा हैदराबादला, मुलगी कोल्हापूरला, दोघंही बोलावतात, पण मला इथंच बरं वाटतं. आमची ही गेली तोपर्यंत मला चहापलीकडं काही येत नव्हतं, आता सगळं करतो.

भाकरीचं सांगतो, कारण एकट्या माणसाची अडचण काय असते ती मला पहिल्यांदा भाकरीनं कळली. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडेनं चिरते आणि उचलताना परातीतच तुटते. ही होती तेव्हा चार किलोचं दळण दहा दिवसांत संपायचं, लेकरं यायची, पाहुणे यायचे. मी दिवसाला दोन भाकरी खाणार, म्हणजे आठवड्याला सव्वा किलो पीठ. तेवढं घेऊन गिरणीत गेलो तर गिरणीवाला म्हणाला काका एवढंसं टाकलं तर आधीच्या माणसाचं गव्हाचं पीठच तुमच्यात जास्त येईल. खोटं नव्हतं ते, चक्कीत थोडं पीठ राहतंच. मग मी चार किलो दळायला लागलो आणि तिसऱ्या आठवड्यात भाकरी तुटायला लागली. मला वाटायचं आपल्यालाच जमत नाही. दोन महिने मी तसल्या तुकड्यांच्या भाकरी खाल्ल्या, कुणाला सांगायची लाज वाटायची. मग समोरच्या वहिनींनी एकदा पीठ हातात घेऊन बघितलं आणि म्हणाल्या भावजी तुमचा हात बरोबर आहे, पीठ शिळं आहे. आता त्यांचं ज्वारीचं दळण शनिवारी असतं त्यात माझी सव्वा किलो घालतो आणि आल्यावर मापून घेतो. गव्हाचं पीठ फ्रिजमध्ये ठेवतो, पावसाळ्यात किडे होत नाहीत.

तुम्ही दुसऱ्या माणसाच्या कामाचं विचारलंय. मागच्या साली माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन अर्ध्या तासाचं, त्याच दिवशी घरी, पण सोबत माणूस असल्याशिवाय घेणार नाही म्हणाले आणि बरोबरच आहे त्यांचं, एका डोळ्याला पट्टी लावून मी रस्ता कसा ओलांडणार. मुलीला रजा नव्हती, मुलाला एका दिवसासाठी हैदराबादहून बोलवायला मन होईना. शेवटी वहिनींचा मुलगा कॉलेज बुडवून आला. आणि खरी कसरत पुढंच होती. डोळ्यात थेंब घालायचे, पहिल्या आठवड्यात दिवसातून सहा वेळा, स्वतःच्या हातानं. निम्मे थेंब गालावर. औषधाची बाटली महिनाभर पुरायची ती बारा दिवसांत संपली, दुसरी आणावी लागली. एकट्या माणसाचा खर्च असा पण असतो, कुठल्या बिलात वेगळा दिसत नाही. नंतर मला एकानं सांगितलं की बसून घालायचे नाहीत, उताणं झोपायचं, खालची पापणी बोटानं ओढायची आणि छताकडं बघायचं. तेव्हापासून जमलं.

मुलीशी मी एक ठरवून घेतलंय. रोज सकाळी सात वाजता मी तिला मेसेज करतो, काही नाही, नुसतं ‘उठलो’. आठपर्यंत नाही आला तर ती आधी मला फोन करते आणि मी नाही उचलला तर वहिनींना. चार वर्षांत दोनदा वहिनी धावत आल्या, दोन्ही वेळा माझा फोन बंद पडला होता. पण धावत आल्या. तुम्ही पण कुणाशी तरी हे ठरवा. वय लहान आहे म्हणून ताप कमी येत नाही.

घराची एक किल्ली वहिनींकडं आहे. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा सरकारी हेल्पलाइन नंबर आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, तो फ्रिजवर चिकटवून ठेवलाय, तुमच्या घरी कुणी वडीलधारं एकटं असेल तर त्यांना द्या.

सेक्रेटरी ठाणे:

मी आमच्या सोसायटीचा चार वर्षं सेक्रेटरी आहे म्हणून घराच्या खर्चाबद्दल थोडं लिहितो.

मेंटेनन्स फ्लॅटमागे लागतो, माणसांमागे नाही. आदर्श उपविधीत सेवा शुल्क सगळ्या फ्लॅटना समान वाटून घ्यायचं असं आहे आणि पाण्याचे पैसे नळांची संख्या आणि आकार बघून. त्यामुळे एका माणसाच्या फ्लॅटला पाणी कमी लागतं हे कितीही खरं असलं तरी बिल कमी होत नाही. आमच्याकडे एका आजींनी सभेत हा मुद्दा मांडला होता, त्यांच्या वरच्या मजल्यावर सात माणसं आणि त्या एकट्या, आणि उन्हाळ्यात टँकरची वर्गणी दोघांना सारखी. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलं, पण मीटर बसवल्याशिवाय काही करता येईना आणि जुन्या बिल्डिंगला बाथरूमची लाइन वेगळी, किचनची वेगळी, एका फ्लॅटला तीन-तीन मीटर लागले असते. विषय तिथेच राहिला. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

मालक जर भाडं सांगताना ‘सोसायटीचे एक्स्ट्रा चार्जेस’ म्हणत असेल तर विचारून घ्या कोणते. भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर बिनभोगवटा शुल्क लागतं पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, ऑगस्ट २००१ पासून हा नियम आहे. तेही मालकाकडून घ्यायचं असतं. दोन-तीन हजार सांगत असतील तर समजून जा.

करारनाम्याचे ५ हजार जास्त दिलेत तुम्ही. मुद्रांक शुल्क ११ महिन्यांच्या एकूण भाड्यावर, अधिक डिपॉझिटच्या १० टक्के व्याजावर, ०.२५ टक्के असतं. तुमचं ११ महिन्यांचं भाडं १ लाख ९८ हजार, त्यात डिपॉझिटचे साडेचार-पाच हजार धरा, म्हणजे शुल्क झालं साधारण ५०० रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत १०००. वर हाताळणीचा आकार आणि एजंटचा मेहनताना. पुढच्या वेळी आधी भाव विचारा, आणि हा खर्च मालकाशी निम्मा-निम्मा करायचं बोला, बरेच मालक ऐकतात. पण नोंदणी टाळू नका. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे, करार नोंदवायची जबाबदारी मालकाची, आणि नोंदवलेला नसेल तर वाद झाल्यावर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. एकट्या माणसाच्या बाजूने बोलायला घरात दुसरा साक्षीदार नसतो, तेव्हा कागद पक्का पाहिजे.

आणि एक विनंती, वॉचमनकडे आणि सोसायटीच्या ऑफिसात तुमच्या जवळच्या माणसाचा नंबर देऊन ठेवा. आमच्याकडे एक भाडेकरू जिन्यात पडले तेव्हा आमच्याकडे फक्त मालकाचा नंबर होता आणि मालक दुबईत.

तुळस:

मी नाशिकची, ४६, घटस्फोटाला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून एकटी. काकांचं वाचून रडू आलं, भाकरीचं आणि ‘पण धावत आल्या’ हे दोन्ही वाचून.

मी फक्त हॉस्पिटलचं लिहिते कारण बाकीचं जमून जातं, हे जमत नाही. दोन वर्षांपूर्वी पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. ॲडमिशन फॉर्मवर नातेवाईकाचं नाव, नातं, सही. मी म्हटलं मी ४४ वर्षांची आहे, शुद्धीवर आहे, माझी सही घ्या. काउंटरवरची मुलगी म्हणे ‘मॅडम मिस्टरांची नाहीतर भावाची लागेल’. मी भांडले नाही, डॉक्टरांना भेटायचं म्हटलं, डॉक्टर स्वतः खाली आले आणि माझ्या सहीवर काम झालं. नंतर वाचलं की २००८ साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलंय, पेशंट सज्ञान आणि समजण्याच्या स्थितीत असेल तर संमती त्याचीच लागते, त्या केसमध्ये आईने दिलेली संमतीसुद्धा चालली नव्हती. त्यामुळे तुमच्या उपचाराचा निर्णय तुमचाच. पण सोबत माणूस असणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती मात्र लागतेच. औषधाची चिठ्ठी घेऊन खाली मेडिकलला कोण जाणार? इन्शुरन्सच्या डेस्कसमोर दोन तास कोण उभं राहणार? भूल उतरल्यावर पहिल्यांदा उठून बाथरूमला जाताना हात कोण देणार? मी ब्युरोतून बाई बोलावली, १२ तासांचे ९००, तीन दिवस दोन्ही पाळ्या, माझ्या पॉलिसीत ते बसत नव्हते. ५४०० खिशातून. पण बाई फार चांगली होती, तिने माझे केस विंचरून वेणी घातली होती, ते पैसे दिल्याचं मला कधीच वाटलं नाही.

त्यानंतर मी आणि माझी एक मैत्रीण, तीही एकटीच असते, आम्ही दोघींनी ठरवून टाकलंय. जी ॲडमिट होईल तिच्यासाठी दुसरी रजा टाकणार, विचारायचं नाही, संकोच करायचा नाही. दोघींच्या घरी एकेक फाइल आहे, त्यात पॉलिसीची प्रत, ब्लड ग्रुप, ॲलर्जी, चालू गोळ्या, बँकेचं नाव आणि एटीएम कुठे ठेवलंय ते. फाइल कुठल्या कप्प्यात आहे हे दुसरीला माहीत आहे. मागच्या दिवाळीत तिचा हात मोडला तेव्हा मी तिच्या घरात शिरून चार मिनिटांत फाइल घेऊन बाहेर होते.

तुमच्या खात्यांना नॉमिनी कोण आहे तेही एकदा बघा. मी नऊ वर्षांपूर्वीच्या एका एफडीवर अजून जुनंच नाव आहे हे गेल्या वर्षी बघितलं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार जणांपर्यंत नॉमिनी ठेवता येतात, मी बहीण आणि दोन भाच्या टाकल्या.

आणि कलिंगड आणा हो. अर्धं कापून मावशींना द्या. मी पपई तशीच आणते.

लीड्सहून:

मूळ कोल्हापूरची, सध्या इंग्लंडमध्ये, इथे सात वर्षं एकटी राहतेय. तुम्ही भाड्याचं आणि लाइटबिलाचं लिहिलंय ते इथेही तसंच आहे. फक्त एका बाबतीत इथे आपली दखल घेतात. कौन्सिल टॅक्स म्हणून घरपट्टीसारखा कर असतो, तो घरात दोन मोठी माणसं आहेत असं धरून लावतात, आणि एकच असेल तर २५ टक्के कमी होतो. अर्ज करावा लागतो, मला पहिलं वर्षभर कोणी सांगितलंच नव्हतं. २५ टक्के म्हणजे निम्मा नाहीच, पण घरात एकच माणूस आहे हे कुणीतरी कागदावर मोजलंय याचं मला बरं वाटलं होतं. पुण्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्याला मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे, माझ्या आत्याच्या घराला मिळते, पण आत्या तिथे एकटी आहे का पाच जण आहेत हे त्यात कुठे येत नाही. सेक्रेटरी काकांच्या आजींचा मुद्दा मला म्हणूनच फार महत्त्वाचा वाटतो.

नाहीतर इथेही सगळं जोडीसाठीच. रेल्वेचं एक सवलत कार्ड आहे ते दोन ठरलेल्या माणसांनी एकत्र प्रवास केला तरच चालतं, तिकिटावर तिसरा हिस्सा सूट. टूरला एकट्याला खोली पाहिजे तर जास्तीचे पैसे. भाज्यांचं तेवढं सोपं आहे, एक कांदा, एक गाजर सुटं उचलून वजन करता येतं.

डोळ्यात थेंब घालायची काकांची युक्ती मी आईला पाठवली, तिचं पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे आणि ती पण कोल्हापूरला एकटीच असते. मी तेव्हा तिथे पोचत नाहीये, त्यामुळे हे सगळं वाचताना जरा जड गेलं.

सांगलीचे काका:

लीड्सच्या ताई, आईंचं ऑपरेशन कोल्हापुरात आहे म्हणताय तर माझी मुलगी तिथंच राजारामपुरीत राहते. तिला विचारलं, शनिवार-रविवार असेल तर ती सोबत जाईल म्हणाली. इथल्या निरोपाच्या खिडकीत तारीख कळवा, उघड्यावर नंबर लिहू नका.

लीड्सहून:

काका, काय बोलू. तारीख शुक्रवारची होती, आईला सांगून शनिवार मिळतोय का विचारते. निरोप पाठवलाय.

कर्वेनगरची:

दोन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांचं तीन-तीनदा वाचलंय.

एक किल्ली तळमजल्यावरच्या आजींना दिली. द्यायला गेले तेव्हा मला फार अवघड वाटत होतं, सहा महिने मी जिन्यात नुसतं हसून पुढे जात होते, आणि आजींनी किल्ली देवघरातल्या डबीत ठेवली आणि स्वतःची एक किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाल्या मुलगा अमेरिकेत असतो, कोणाला द्यावी कळत नव्हतं. गुरुवारी माझा गॅस त्यांनी घेतला, ठाकुर्लीवाले दादांनी सांगितलं तसा कोड फोनवर सांगितला. हाफ डे वाचला. रविवारी मी त्यांच्या घरातले पंखे पुसले, स्टूल आजींनी धरलं, नंतर माझे पुसले तेव्हा त्या तीन जिने चढून वर आल्या, मी नको नको म्हणत होते.

पोळीभाजी केंद्र सापडलं, घरापासून सहा मिनिटं, दीड वर्षं त्याच्यासमोरून जातेय. सेक्रेटरी काका, मालकांना करारनाम्याचं बोलले, पुढच्या वेळी निम्मे देतो म्हणाले, आणि वॉचमनकडे आईचा नाही, ऑफिसमधल्या मैत्रिणीचा नंबर दिलाय कारण ती वारज्याला राहते, दहा मिनिटांत येईल. तिच्याशीच ‘उठले’ मेसेजचं ठरवलंय. पहिल्या शनिवारी मी उशिरापर्यंत झोपले आणि ती स्कूटरवर निघालीसुद्धा होती, आता शनिवार-रविवार दहाची वेळ ठेवलीय.

महिन्याचा हिशोबही मांडला. जेवण, मावशी, वाया जाणारी भाजी यात जास्तीत जास्त दीड हजार वाचतील असं दिसतंय. बाकीचं एकटीला पडणारंच आहे, ते मी भाड्यातच धरून टाकलंय, वेगळं मोजत बसत नाही. फाइलचं काम अजून राहिलंय, तुळसताई, ॲलर्जीचं आईला विचारायचंय, मला लहानपणी कुठल्यातरी गोळीने पुरळ आलं होतं एवढंच आठवतंय.

काका, आजी पण ज्वारीची भाकरी खातात आणि त्यांची पण हल्ली तुटते म्हणत होत्या. त्यांना विरीचं सांगितलं. आता आम्ही दोघींचं मिळून दोन किलो दळण आणायचं ठरवलंय, मला थापता येत नाही, त्या शिकवणार आहेत. दोघींना मिळून आठवड्याला दोन किलो जास्त होईल का?

सांगलीचे काका:

तुमची एक आणि त्यांच्या दोन धरल्या तर दोन किलो बरोबर आठवड्याचं होतं. गिरणीत ज्वारीच्या वेळेलाच जा, गव्हानंतर लगेच टाकू नका. आणि पीठ मळताना पाणी कडकडीत गरम घ्या, थापायला सोपं जातं.